वय झालं म्हणून दात जात नाहीत: इंग्लंडात ३७ टक्के बोळकी होती, ती ६ टक्क्यांवर कशी आली

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक, इंग्लंड-वेल्समध्ये १९६८ साली १०० प्रौढांपैकी ३७ जणांच्या तोंडात एकही खरा दात नव्हता आणि २००९ पर्यंत इंग्लंडात हे प्रमाण ६ वर आलं असं वाचलंत, ते खरं का, आणि खरं असेल तर ही टूथपेस्टची कमाल का. दुसरं, तुमची आई ६२ वर्षांची, तोंडात ११ दात उरलेत, शुगर आहे, मिश्रीची जुनी सवय आहे, आणि डॉक्टर म्हणतायत की आता वयच झालं, सगळे काढून फुल कवळी बसवून टाका, तर काय करावं. दोन्ही प्रश्नांची मुळं एकाच ठिकाणी आहेत म्हणून एकत्रच लिहिते, जरा लांबेल.

माझं सांगायचं तर नागपुरात बीडीएस, मग प्रॉस्थो म्हणजे कवळ्या-कॅप-ब्रिज यातलं एमडीएस, त्यानंतर १६ वर्षं उत्तर इंग्लंडात लँकेशायरमध्ये प्रॅक्टिस आणि २०१९ पासून कोल्हापुरात. कवळी हेच माझं रोजचं काम, त्यामुळे दात नसलेली तोंडं मी दोन्हीकडची बघितलीत.

आकडे खरे आहेत. तिकडे साधारण दर १० वर्षांनी प्रौढांच्या दातांचा सरकारी सर्व्हे होत आलाय, पहिला १९६८ चा. इंग्लंडपुरतं बघितलं तर १९७८ मध्ये २८ टक्के लोक पूर्ण बिनदाताचे होते, १९९८ मध्ये १२ आणि २००९ मध्ये ६. स्कॉटलंड याहून वाईट, १९७२ मध्ये तिथे ४४ टक्के. आणि हे फक्त म्हाताऱ्यांचे आकडे नाहीत हां, १६ वर्षांच्या पुढचे सगळे यात आले. म्हणजे स्कॉटलंडात रस्त्याने चाललेल्या मोठ्या माणसांपैकी जवळजवळ निम्म्यांचे दात रात्री ग्लासात असायचे.

आता हा टक्का नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. बाकीचे आजार होतात आणि बरे होतात, तसं इथे नाही. ज्याचे सगळे दात गेले तो मरेपर्यंत बिनदाताचाच राहतो. त्यामुळे हा टक्का खाली यायला दोनच रस्ते आहेत, नव्याने बोळकं होणारे लोक कमी व्हायला हवेत आणि आधीच झालेले लोक वयाने जग सोडून जायला हवेत, तिसरा रस्ता नाही. म्हणून १९६८ चा ३७ टक्के हा आकडा १९६८ च्या दातांबद्दल फारसं काही सांगतच नाही, तो सांगतो १९२०, ३० आणि ४० च्या दशकांत लोकांच्या तोंडाचं काय केलं गेलं ते. आणि २००९ मधले ६ टक्के म्हणजे त्याच लोकांपैकी अजून हयात असलेले. त्या सर्व्हेत ४५ च्या आतल्यांमध्ये बिनदाताचं माणूस जवळजवळ सापडतच नव्हतं आणि ८५ च्या पुढच्यांमध्ये मात्र जवळपास निम्मे तसे होते. एकाच देशात, एकाच दिवशी. वरवर बघणारा म्हणेल बघा, वय वाढलं की दात जातात. पण ते वयामुळे नव्हतं, ते कधी जन्मले त्यामुळे होतं.

मग त्या काळात केलं काय? दात पडले नाहीत, काढले. मुद्दाम, एका बैठकीत, सगळेच्या सगळे. तिकडे त्याला क्लिअरन्स म्हणायचे आणि लँकेशायरमधल्या म्हाताऱ्या बायका हा शब्द आपण घर रंगवलं म्हणतो तितक्या सहज वापरायच्या.

मला २००६ च्या आसपासची एक पेशंट अजून डोळ्यासमोर दिसते. वय सत्तरीच्या पुढे, कापडगिरणीत काम केलेली. खालची कवळी हलते म्हणून आली. मी कवळी काढायला सांगितली तर तिने आधी नवऱ्याला बाहेर बसवलं, मग नर्सला पडदा ओढायला लावला आणि हात तोंडासमोर धरून कवळी काढून रुमालात गुंडाळली. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती आणि नवऱ्याने तिला एकदाही कवळीशिवाय बघितलं नव्हतं, झोपतानासुद्धा ती कवळी काढत नव्हती. मी विचारलं दात कधी गेले, तर म्हणाली लग्नाच्या आधी, विसाव्या वर्षी, वडिलांनी पैसे दिले. किडले होते का? तर दोन-चार किडलेले होते, बाकीचे ठीक होते. पण पुढे बाळंतपणं होणार, दात दुखणार, नवऱ्याच्या मागे डेंटिस्टचा खर्च लागणार, त्यापेक्षा आधीच सगळे काढून कवळी बसवली की मुलगी सासरी मोकळी. आपल्याकडे आईबाप पोरीला लग्नात दागिने घालतात ना, तसं तिकडच्या कामगार घरांत काही ठिकाणी कवळीचा सेट द्यायचे, कुठे लग्नात तर कुठे २१ व्या वाढदिवसाला. पुस्तकात हे वाचलं होतं, पण ती बाई समोर बसून सांगत होती तेव्हा माझ्या हातातला आरसा तसाच राहिला.

तिचा खालचा जबडा बोटाने चाचपला तर उंचवटा नावालाच उरला होता, सुरीच्या धारेसारखी हाडाची बारीक कड आणि नसा इतक्या वर आलेल्या की कवळी दाबली की ती दचकायची. याचं कारण साधं आहे, दाताभोवतीचं हाड दातासाठीच असतं, दात गेला की शरीर ते हाड परत घेऊन टाकतं. पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त आणि मग आयुष्यभर थोडं थोडं. टालग्रेन नावाच्या संशोधिकेने बिनदाताच्या लोकांचे जबडे २५ वर्षं मोजत नेले आणि १९७२ मध्ये छापलं, त्यात खालचं हाड वरच्याच्या साधारण चौपट झिजत होतं. म्हणून वरची कवळी टाळूला चिकटून बसते आणि खालची मात्र जिभेवर नाचत राहते. विसाव्या वर्षी दात काढलेल्या बाईला हाड झिजायला पन्नास वर्षं मिळाली होती, कुणीही केलेली कवळी तिथे काय धरणार.

पण डॉक्टर लोक असं का करत होते? ते दुष्ट नव्हते हे मी आधीच सांगते. पेनिसिलिन यायच्या आधीच्या काळात दाढेखालचा गळू मानेत उतरला की माणूस मरायचा, हे त्यांनी बघितलेलं होतं. त्यात १९१० मध्ये विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात भाषण दिलं, की किडलेल्या दातांवर सोन्याच्या कॅपा आणि ब्रिज चढवून ठेवणं म्हणजे पुवाच्या ढिगावर सोन्याची कबर बांधणं आहे आणि सांधेदुखीपासून अशक्तपणापर्यंत सगळं या लपलेल्या पुवातूनच येतं. याला फोकल इन्फेक्शनची थिअरी म्हणतात. ती अशी काही पसरली की पुढची तीसेक वर्षं गुडघे दुखले तरी दात काढ, पोट बिघडलं तरी दात काढ असं चाललं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्रेन्टनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन नावाच्या प्रमुखाने तर वेड बरं करायला रुग्णांचे दात उपटले. नंतर नीट अभ्यास झाले तेव्हा दात काढून सांधेदुखी जात नाही हे दिसलं आणि थिअरी बाजूला पडली, पण तोवर दोन पिढ्यांची तोंडं रिकामी झाली होती.

त्यात पैशाचा भाग. दुखणारा दात वाचवायला पुन्हा पुन्हा यावं लागतं, दर वेळी फी, दर वेळी रोजगार बुडणार. सगळे काढले की एकदाच खर्च. १९४८ च्या जुलैत एनएचएस म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, दातांचे उपचार फुकट झाले आणि कवळ्यांची इतकी मागणी आली की सरकार हबकलं. लोक वर्षानुवर्षं दुखणं दाबून बसले होते, ते सगळे एकदम आले आणि त्यांना हवं काय होतं, तर काढून टाका आणि सेट द्या. १९५१ मध्ये सरकारने कवळ्या आणि चष्म्यांवर पैसे आकारायचं ठरवलं, एनएचएसमधले पहिले चार्जेस तेच, आणि ज्या अन्यूरिन बेव्हनने एनएचएस उभं केलं त्याने त्यावरून मंत्रिपद सोडलं. कवळीवरून मंत्री राजीनामा देतो यावरून तिचं त्या देशातलं स्थान लक्षात येईल.

आता तुमचा मूळ प्रश्न, टक्का खाली आणला कुणी. सरसकट सांगितलं जातं की फ्लोराईडच्या टूथपेस्टने. फ्लोराईडच्या बाजूने मी रोज पेशंटशी भांडते, पण इथे हिशोब जुळत नाही. तिकडे फ्लोराईड टूथपेस्ट घराघरात पोचली ती १९७० च्या दशकात. त्याचा खरा फायदा झाला त्यानंतर ज्या पोरांचे पक्के दात आले त्यांना. पण टक्का तर १९६८ ते ७८ या दहा वर्षांतच ३७ वरून २८ वर आला होता, थोडा इंग्लंड-वेल्स आणि नुसतं इंग्लंड असा फरक धरला तरी. त्या वेळी चाळिशीत असलेल्या माणसाची कीड टूथपेस्टने मागे जात नाही. म्हणजे तोंडं तीच होती, त्यांच्याबद्दलचा निर्णय बदलला. ज्या दाढा १९३५ मध्ये उपटल्या असत्या त्या १९६५ मध्ये भरल्या गेल्या.

निर्णय बदलायला कारणं होती. लिग्नोकेन हे भूल देणारं इंजेक्शन १९४० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आलं, आजही आम्ही तेच वापरतो, त्याने दात भरताना न दुखवता काम करता यायला लागलं. १९५७ मध्ये एअर रोटर म्हणजे हवेवर फिरणारं फास्ट मशीन आलं, त्याआधी पट्ट्यावर घरघरणाऱ्या मशीनने एक दाढ कोरायची म्हणजे पेशंटला छळच. पेनिसिलिन सगळ्यांना मिळायला लागल्यावर गळूची जुनी भीती ओसरली. एनएचएसमध्ये भरण्याचे पैसे दर दातामागे मिळायचे म्हणून डेंटिस्टने हौसेने भरले, कधी कधी गरज नसताना पण भरले, हेही खरंय. आणि लोकांची लाज बदलली, १९३० मध्ये कवळी हे टापटिपीचं लक्षण होतं, १९८० मध्ये तीच कवळी गरिबीचं लक्षण झाली. माझ्या मते ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी, कारण पेशंट खुर्चीत बसून काय मागतो यावर खूप ठरतं. फ्लोराईडने नंतर येऊन ते काम पक्कं केलं.

याचा एक परिणाम फार लोकांना माहीत नसतो. जे लोक क्लिअरन्समधून वाचले त्यांचे दात चांदीच्या भरावांनी गच्च भरलेले होते, तिकडे त्यांना हेवी मेटल जनरेशन म्हणतात. ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत, दात तोंडात आहेत पण हात थरथरतात, बीपी-डिप्रेशनच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, हिरडी खाली सरकून उघड्या पडलेल्या मुळांना कीड लागते. मी वृद्धाश्रमांत जायचे तेव्हा ऐंशीच्या आजीच्या तोंडात २२ दात, पैकी आठ मुळाशी कुजलेले, आणि ब्रश करून द्यायला कुणी नाही. टक्का सुधारला म्हणजे काम संपलं असं नसतं, ते दुसऱ्या जागी सरकतं.

अमेरिकेतही तीच दिशा, १९५७-५८ मध्ये प्रौढांमध्ये १८.९ टक्के बिनदाताचे होते आणि २००९-१२ मध्ये ४.९. तिथे आता ही गोष्ट सुखवस्तू घरांत दुर्मीळ झालीये आणि गरीब राज्यांत साठून राहिलीये. जपानने मात्र वेगळा रस्ता धरला, शून्य दात किती जणांचे हे मोजत बसण्यापेक्षा १९८९ मध्ये ८०२० नावाची मोहीम काढली, ८० व्या वर्षी २० दात. २० का, तर तेवढ्यांवर माणूस बहुतेक सगळं चावू शकतो. सुरुवातीला दहातल्या एकालाही ते जमत नव्हतं, २०१६ च्या सर्व्हेत ५१.२ टक्के लोकांनी गाठलं. माणसं तीच, जीन्स तेच, एका पिढीत एवढा फरक. वय दात खातं म्हणणाऱ्याला मी हा आकडा दाखवते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात जगभर २० च्या पुढच्यांत जवळजवळ ७ टक्के आणि ६० च्या पुढच्यांत २३ टक्के लोक पूर्ण बिनदाताचे आहेत. आता आपल्याकडचं बोलू. आपल्याकडे क्लिअरन्सची फॅशन कधीच नव्हती, लग्नात कवळी कुणी दिली नाही. आपले दात एकेक करून जातात. माझी आजी कराडजवळच्या खेड्यातली, दिवसातून तीनदा मिश्री लावायची, दात हलायला लागला की जिभेने ढकलून ढकलून स्वतःच काढायची आणि भाकरी दुधात कुस्करून खायची. तिचे बहुतेक दात किडलेले नव्हतेच, हिरडी सुटली होती, हाड खाली गेलं होतं, आपण ज्याला पायरिया म्हणतो तो. मिश्रीने हिरडी बधिर होते म्हणून दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्व्हेत भारतात २१.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू वापरत होते, म्हणजे मिश्री, मळून खाल्लेली, गुटखा हे सगळं. त्यावर शुगर आली की हिरडीचं नुकसान दुप्पट वेगाने होताना मी रोज बघते, आणि उलटही, हिरडी सुजलेली असली की शुगर आटोक्यात आणणं जड जातं.

पण गेल्या काही वर्षांत इथेही मला १९३० चं इंग्लंड दिसायला लागलंय आणि म्हणून मी एवढं लांबण लावलं. दात काढायला काहीशे रुपये, तोच वाचवायचा तर रूट कॅनाल आणि कॅप मिळून काही हजार. पोरं पुण्या-मुंबईला, आईबाप गावाकडे, दर आठवड्याला कोण घेऊन जाणार, त्यापेक्षा एकदाच काढून टाका. हा तोच हिशोब आहे, लँकेशायरमधल्या त्या बाईच्या वडिलांनी केलेला. आणि "वय झालं" हे शब्द त्यावर पांघरूण घालतात. काढणारा डॉक्टर वाईट असतो असं नाही, बऱ्याचदा घरचेच तसं म्हणत येतात.

तर तुमच्या आईबद्दल. तोंड न बघता मी शेवटचं काही सांगू शकत नाही, पण ११ दात आहेत आणि त्यातले कुठले हे सगळ्यात महत्त्वाचं. आधी एक ओपीजी म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दिसणारा एक्सरे काढा आणि एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी करून घ्या. मग डॉक्टरांना प्रत्येक दाताबद्दल वेगवेगळं विचारा, सरसकट नाही, हा का काढायचा, हा का काढायचा. जो दात वर-खाली हलतोय, ज्याच्याभोवती हाडच नाही, दाबलं की पू येतो, तो काढावा लागेल, त्यात वाद नाही. पण खालचे सुळे किंवा त्यांच्या शेजारच्या छोट्या दाढा जरा जरी धरून असतील तर त्यांच्यासाठी भांडा. ते दात वरून कापून, रूट कॅनाल करून नुसती मुळं हिरडीत ठेवता येतात आणि त्यांच्यावर कवळी बसते, ओव्हरडेंचर म्हणतात त्याला. मूळ आहे तोवर त्याच्याभोवतीचं हाड टिकतं, आणि चावताना घास कडक आहे की मऊ हे आईला कळत राहतं, पूर्ण कवळीत ते कळणं जातं. फुल कवळीने चावायची ताकद खऱ्या दातांच्या चौथा-पाचवा हिस्सा उरते, शेंगदाणे आणि कडक भाकरी बंदच होतात बहुतेकांची, हे आधी कुणी सांगत नाही.

आणि समजा खालचे सगळेच गेले, तरी साधी कवळी हा शेवट नाही. पुढच्या भागात दोन इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचे स्क्रू टाकून त्यावर बटणासारखी बसणारी कवळी, खालच्या बिनदाताच्या जबड्याला निदान एवढं तरी द्यावं असं २००२ मध्ये मॅक्गिलमध्येच जमलेल्या तज्ज्ञांनी एकमताने म्हटलं, जिथे ९२ वर्षांपूर्वी हंटर बोलला होता त्याच विद्यापीठात. शुगर ताब्यात असेल तर ६२ हे इम्प्लांटला काहीच वय नाही, मी ७८ च्या आजोबांना टाकलेत. खर्च आहे, पण दर तीन-चार वर्षांनी हलणारी कवळी बदलत बसण्याशी तुलना करून बघा.

लँकेशायरच्या त्या बाईला आम्ही तेच केलं होतं. इम्प्लांट जबड्यात धरायला तीन महिने गेले, कवळी बसवली त्या दिवशी तिने ती स्वतःच्या हाताने दोनदा काढून लावून बघितली, टक् असा आवाज यायचा, आणि मग नर्सला म्हणाली की नवऱ्याला आत बोलवा.

मिश्री एकदम सोडायला आईला जड जाईल, आधी सकाळची ठेवून बाकीच्या वेळच्या बंद करा, त्या जागी साधी फ्लोराईडची पेस्ट आणि मऊ ब्रश, आणि हिरड्यांचं क्लीनिंग या महिन्यातच करून घ्या. क्लीनिंगनंतर सहा-आठ आठवडे थांबून मग परत दात हलवून बघायचे, सूज उतरली की आज हलणाऱ्यातले दोन-तीन घट्ट वाटतील. काढायचं ठरवायचं तर ते तेव्हा ठरवा, आज नाही. ओपीजीचा फोटो असेल तर इथे टाका, मी दाताप्रमाणे सांगते.